तंबोरा आणि तबकडी

तंबोऱ्याची जवारी मनाजोगती लागली की खर्जाच्या तारेतून, कोणीही न छेडलेला गंधार उपस्वर म्हणून आपोआप उमटू लागतो, हा अनुभव मैफलीत पुढे बसणाऱ्या रसिकांस नवा नाही. आणि तारेच्या छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही आपल्या वाद्यांच्या रुंद घोडीमुळे कसे उमटतात, याचा ऊहापोह चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच केलेला आहे. उत्तम ध्वनियंत्रांचा नाद मला लागला तो या उपस्वरांपायी. घरच्या चावीच्या ग्रामोफोनपेटीवर तंबोरा म्हणजे गायकामागची एक अस्पष्ट गुणगुण असे. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यातील यंत्रावर मात्र खर्ज, जोड आणि पंचम यांच्या तारा निरनिराळ्या ऐकू आल्या, गायकाने स्वर लावण्यापूर्वी घेतलेला श्वासही ऐकू आला, आणि मग त्या पेटीकडे परत जाववेना.

लाखेच्या जुन्या तबकडीची मर्यादा उघड होती : मिनिटास ७८ फेरे, साडेतीन मिनिटांत बाजू समाप्त, पोलादी सुई वारंवार बदलायची आणि खरखर कायमची. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची, सूक्ष्म खोबणीची तबकडी बाजारात आणली, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाल्याने विलंबित ख्यालास अखेर ऐसपैस बैठक लाभली. परंतु खोबणी सूक्ष्म झाली तसा एक जुना पेच अधिक बिकट झाला. खर्जाचा स्वर कोरताना कोरणी दोन्ही अंगांस इतकी झुलते की शेजारच्या खोबणीची हद्द ओलांडील. म्हणून मुद्रणाच्या वेळीच खर्ज मुद्दाम दबता आणि वरचे स्वर चढते ठेवण्याची तजवीज करतात, व वाजविताना ॲम्प्लिफायरने तोच हिशेब उलटा मांडून जमाखर्च जुळवावयाचा असतो. यात थोडी जरी तफावत राहिली तरी तंबोरा एक तर घुमू लागतो, नाही तर पत्र्यासारखा वाजतो.

मग यंत्र खरे की खोटे, याचा निवाडा कसा करावा? यॉर्कशरचे लाउडस्पीकर बनविणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि त्याचे मुद्रण एकाच रंगमंचावरून श्रोत्यांस ऐकविले. अस्सल शेजारी ठेवून नक्कल तपासावी, ही कचेरीतील कारकुनालाही ठाऊक असलेली रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. दुकानदार मात्र आगगाडीच्या शिट्ट्या नि टेबलावरच्या चेंडूची टकटक ऐकवून गिऱ्हाईक दिपवितात. त्यांना खुशाल नको म्हणावे आणि ज्यात तंबोरा स्वच्छ आहे अशी आपली तबकडी काखोटीस मारून न्यावी.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की ॲम्प्लिफायरच्या वॅटांवर पैसे उधळण्यापूर्वी सुई चांगली घ्यावी, आणि त्याही आधी कोपऱ्यात दडपलेला लाउडस्पीकर हातभर पुढे ओढून पाहावा, कारण दोन भिंतींच्या सांध्यात खर्ज अकारण फुगतो. यास दमडीही पडत नाही. दिवाणखान्याच्या मधोमध आलेल्या त्या खोक्याबद्दल घरातून होणारी तक्रार तेवढी ऐकून घ्यावी लागते.