घरच्या बियाण्याचा टोमॅटो : वाण ओळखायचा कसा?

(मलकपेठ, हैदराबाद येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सरूरनगरच्या रयतू बाजारातून टोमॅटो आणावेत, त्यातल्या एका चांगल्या पिकलेल्या फळाचं बी काढून गच्चीवरच्या कुंडीत लावावं, हे मलकपेठेत पुष्कळांनी केलेलं असतं. झाडाला फळं धरली की शेजारीपाजारी विचारतात, हा वाण कोणता? या प्रश्नाचं उत्तर फळाकडे पाहून देऊ नये, एवढंच मला आज सांगायचं आहे. वाण ओळखायचा तो त्याच्या संततीवरून.

टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून सरळ वाणाचं बी धरलं तर पुढची झाडं आईसारखीच निघतात. पण आज बाजारात येणारा बराचसा माल संकरित वाणांचा असतो, आणि त्याचं बी पुढच्या पिढीत फुटतं, म्हणजे झाडं एकसारखी निघत नाहीत. संकराच्या आईबापांपैकी एक बुटका आणि एक उंच वाढणारा असेल, तर नातवंडांत साधारण चारांत एक झाड बुटकं निघतं. पानांचा आकार, फळाचा रंग असे बाकीचे गुणही असेच वेगवेगळे वाटले जातात. म्हणून नाव शोधण्याआधी एकाच फळाच्या बियांची वीसेक रोपं लावा. सगळी एकसारखी वाढली, तर तुमच्या हाती बहुधा सरळ वाण आहे. वीस झाडांनी वीस तऱ्हा दाखवल्या, तर त्याला अजून नावच नाही आणि ते शोधण्यात अर्थही नाही.

आता पाहायचं काय? आधी झाड पाहा. उंच वाढणाऱ्या झाडात साधारण तीन पानं, मग फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, अशी चाल शेवटपर्यंत चालते. बुटक्या झाडात घोसांमधली पानं कमी होत जातात आणि शेंडा फुलातच संपतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी आणि तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचा पीकेएम-1 या दोन्ही वाणांची फळं चपटी गोल, म्हणून गाड्यावर गल्लत होते. पण पुसा रुबी वाढतच राहतो आणि पीकेएम-1 ठरावीक उंचीला थांबतो. कच्च्या पीकेएम-1च्या देठाजवळ गडद हिरवा पट्टाही उठून दिसतो.

मग फळ हातात घ्या. देठावर गाठ आहे का? असेल तर फळ तिथूनच तुटतं आणि देठाचा तुकडा फळाबरोबर येतो. आडवं कापून कप्पे मोजा. साल सोलून उजेडात धरा : ती पिवळसर असेल तर लाल गर तांबडा दिसतो, पारदर्शक असेल तर तोच गर गुलाबी दिसतो. हे सगळं तारखेसह वहीत लिहा.

ऊन आणि रोग मात्र चकवतात. पारा तिशीच्या वर राहिला की टोमॅटोत लाल रंग नीट तयार होत नाही. हैदराबादच्या उन्हाळ्यातलं पिवळट फळ म्हणजे पिवळा वाण नव्हे. 2020च्या उन्हाळ्यात अकोले-संगमनेर भागात टोमॅटोवर पिवळे चट्टे पडले आणि लोक त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हणू लागले. बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. म्हणून एका हंगामावर निकाल देऊ नका.

कुणी म्हणेल, डीएनए तपासून घ्या. टोमॅटोचा जनुकसंच 2012 साली प्रसिद्ध झाला आणि पाचव्या गुणसूत्राचं काम भारतीय शास्त्रज्ञांनी केलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण डीएनएसुद्धा तुलनेशिवाय नाव सांगत नाही. ज्याच्याशी ताडायचं तो खात्रीचा नमुना लागतोच. घरी हेच काम सोप्या रीतीने होतं : ज्या वाणाचा संशय आहे, त्याचं खात्रीचं बी आणून शेजारच्या कुंडीत लावा. दोन्ही झाडं सारखी निघाली तर नाव द्या, नाहीतर देऊ नका.

आणि बी फुटलं म्हणून हळहळू नका. आवडलेल्या झाडाचं बी दरवेळी निवडत गेलात, तर प्रत्येक पिढीत मिश्रपणा निम्मा होतो. सहा पिढ्यांनी तो 1/64 उरतो. आपल्या हवेत वर्षाला दोन पिकं घेतली, तर तीन वर्षांचं काम आहे.

2001च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी जपण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी छापील नावाने विकण्याचा मात्र नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून दाखवलं, त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची किंमत बियाण्याच्या खरेपणात आहे. तेव्हा माझी एवढीच विनंती : शेजाऱ्याला बी देताना पुडीवर ऐकीव नाव घालू नका. कुठून आणलं, कोणत्या वर्षी धरलं, किती पिढ्या लावलं आणि झाड कसं वाढतं, एवढं लिहा. खोट्या नावापेक्षा खरं वर्णन पुढच्या माणसाला जास्त उपयोगी पडतं.