चकतीचं आयुष्य

'सीडीवर घातलंय, आता काळजी नाही,' हे वाक्य वीसेक वर्षांपूर्वी घरोघरी ऐकू यायचं. त्या सीड्या आता कपाटांत आहेत. त्यांतलं काय शिल्लक आहे, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी साच्यातून निघते. तिचे बारीक खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. आपण कॉम्प्युटरवर भरतो त्या कोऱ्या सीडीत खड्डे नसतात, सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसर तो जागोजागी भाजतो, म्हणून तर 'बर्न करणं'. आता रंग म्हटला की ऊन आलं. खिडकीचा पडदा विटतो तसा हाही विटतो. उष्मा आणि दमट हवा त्याला खातात. मागे चांदीचा मुलामा असतो, तोही पैंजणासारखा काळवंडतो. महागड्या चकत्यांना सोन्याचा मुलामा देत, तो काळा पडत नाही. त्यांना कारखानदारांनी शंभर वर्षांची ग्वाही दिली. पण अशी पहिली सीडी जपानच्या ताइयो युदेन कंपनीने आणली १९८८ साली! शंभर वर्षं पाहिली कुणी? चकत्या उष्ण, दमट पेटीत ठेवून काढलेला तो अंदाज.

माझ्याकडे २००४ सालची एक सीडी आहे. तिच्यात अब्बा बोलतात. अब्बा आता नाहीत, आणि त्यांचा दुसरा आवाज आमच्या घरात कुठेही नाही. त्यामुळे ही चौकशी मला कवितेपेक्षा निकडीची वाटली.

चौकशीत एक गोष्ट अशी कळली की, आपण जपतो चकाकणारी बाजू, आणि सीडीचा जीव असतो नाव लिहितो त्या बाजूला, लाखेच्या पापुद्र्याखाली. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक आहे. तिथला चरा घासून काढता येतो. वर बॉलपेन दाबून चालवलं, की संपलं. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, तेवढी ती सुरक्षित.

चकती टिकली तरी ती वाचणारं यंत्र हवं. नव्या लॅपटॉपांत बहुधा ते नसतंच. सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्या बनवणंही थांबवलं. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो. तो आणा, सीडी चालतेय तोवर उतरवून घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. मूळ चकती फेकू नका. अंधाऱ्या, कोरड्या जागी उभी ठेवा.