दांडा किती ताठ हवा?

गोल्फसाठी नवा ड्रायव्हर घेताना आपण त्याचं हेड पाहतो, कंपनी पाहतो. दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, आर, एस किंवा एक्स असं एखादं अक्षर छापलेलं असतं. तेवढं वाचून आपण पैसे देतो. आज मला त्या दांड्याविषयीच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही अक्षरं म्हणजे माप नव्हे. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ, हे खरं. पण किती ताठ दांड्याला कोणतं अक्षर द्यायचं, याचा सगळ्या कंपन्यांना लागू असा नियम नाही. तयार शर्टासारखंच आहे हे, एका कंपनीचा एल ढगळ होतो, दुसरीचा खांद्यात आवळतो. म्हणून फिटिंग करताना, म्हणजे खेळाडूला क्लब जुळवून देताना, आम्ही दांडा ग्रिपच्या बाजूनं यंत्रात घट्ट धरतो, टोक ओढून सोडतो आणि मिनिटाला किती कंपनं होतात ते मोजतो. ड्रायव्हरच्या रेग्युलर दांड्याचा आकडा साधारण २५० च्या आसपास येतो. एकाच अक्षराचे दोन दांडे लावले, तरी आकडे वेगळे येऊ शकतात.

आता स्विंगमध्ये काय घडतं ते बघू. क्लब वर नेऊन आपण खाली वळतो, तेव्हा हात पुढे निघतात आणि हेड मागे रेंगाळतं, त्यामुळे दांडा मागे वाकतो. खाली येता येता तो सरळ होतो आणि चेंडूपाशी पोचेपर्यंत चक्क पुढे वाकलेला असतो. याचं कारण असं, की हेडचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेत नसतो. वेगानं फिरताना तो त्या रेषेत यायला बघतो आणि दांड्याला वाकवतो. दांडा पुढे वाकला की लॉफ्ट वाढतो आणि फेस थोडा बंद होतो. म्हणून उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू लवचीक दांड्यानं सहसा उंच आणि डावीकडे जातो, ताठ दांड्यानं खालून आणि उजवीकडे. चेंडू फेसवर टेकतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. दांड्याचं काम तोवर झालेलं असतं.

हेडचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर, ९५ ते १०५ असेल तर स्टिफ, असा ढोबळ ठोकताळा आहे. पण मी वेगाइतकंच लक्ष देतो ते क्लब वरून खाली वळतो त्या क्षणाकडे. समजा, दोघांचाही वेग ९४ मैल आहे. एक जण सावकाश वळतो, दुसरा वरूनच हिसका देतो. हिसक्यानं दांडा जास्त वाकतो, म्हणून दुसऱ्याला बहुधा स्टिफ मानवतो आणि पहिल्याला रेग्युलर. नुसता वेग मोजून क्लब हातात दिला, तर हा फरक निसटतो.

आपल्याकडे कधी कधी अमेरिकेतला भाचा आपला जुना सेट मामांना देऊन जातो. साठी उलटलेल्या मामांच्या हातात तरुण भाच्याचा एक्स दांडा! चेंडू उठत नाही, उजवीकडे पळतो. मामा आणखी जोर लावतात, त्यांची पाठ धरते आणि बोल लागतो तो स्विंगला. मामा, सेट टाकू नका, दांडे बदलून घ्या. आणि ताठपणाच्या आधी वजन बघा. आयर्नचा स्टीलचा दांडा १३० ग्रॅमपर्यंत भरू शकतो, ग्रॅफाइटचा पुष्कळ हलका मिळतो. ग्रॅफाइट घेण्यात काही कमीपणा नाही. स्टीललाही रॉयल अँड एन्शंट क्लबनं मान्यता दिली ती १९२९ मध्ये. त्याआधी मोठमोठे खेळाडू हिकरीच्या लाकडी दांड्यांनीच खेळत होते.

फिटिंगला जाताना नेहमीचा क्लब बरोबर न्या आणि आधी अंग मोकळं करा. हेड तेच ठेवून फक्त दांडे बदलायला सांगा. एखादा चेंडू फार लांब गेला म्हणून हुरळून जाऊ नका. सगळे चेंडू किती जवळजवळ पडले, ते बघा. थोडं दमल्यावरही मारून पाहा, कारण शेवटची होल्स दमलेल्या अंगानंच खेळायची असतात. आणि दांड्यावरच्या अक्षरावर आधीच चिकटपट्टी लावून घ्या, ती निवड पक्की झाल्यावरच काढा.