मूल उभे आहे तेथून
(शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



मातृभाषेतील शाळेसाठी आम्ही आजवर पुष्कळ गर्जना केल्या, पुढेही करू. परंतु त्या शाळेत चार वर्षे बसूनही मुलाला आपल्याच भाषेतील चार ओळी वाचता येत नसतील, तर त्या गर्जनांना अर्थ काय उरला? हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे, आणि प्रथम स्वतःपुढे, ठेवीत आहोत.

त्याचे उत्तर व्यासपीठावर सापडत नाही. ते वर्गात शोधावे लागते. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदे येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने बालसखीचा प्रयोग केला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेली १५-२० मुले रोज दोन तास वेगळी बसवी आणि त्यांना वाचनाचे व अंकांचे मूळ धडे देई. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये! पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याची परीक्षा घेतली. कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी द्यावयाची आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे त्यांनी सोडतीने ठरविले. तुलनेत पक्षपात राहू दिला नाही. मुले सुधारली, गणितात अधिक, भाषेत त्याहून कमी. पण सुधारली ती बालसखीकडे गेलेली. वर्गातच राहिलेल्या मुलांना गर्दी घटल्याचा काही लाभ झालेला दिसला नाही. म्हणजे केवळ पटसंख्या कमी करून भागत नाही.

२००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालविले. ज्यांना काहीच वाचता येत नव्हते अशी जी मुले त्या वर्गांना गेली, ती सर्व निदान अक्षरे ओळखू लागली. परंतु अशा गावांतील केवळ ८ टक्के मुलेच तेथे गेली. गुण होता, पण औषध घराघरांत पोहोचले नाही. म्हणून शाळेला पर्याय नाही.

मग शाळेत काय घडते? बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच मुलांना वाचावयास शिकविले. शाळा सुरू झाली, त्याच पद्धतीचे शिक्षण व साहित्य शिक्षकांना दिले गेले; पण केवळ तेवढ्याने मुलांचे पाऊल पुढे पडले नाही. शिक्षक तेच, मुले तीच. मग मध्ये आडवे काय आले? आमच्या मते, अभ्यासक्रम! पुस्तक संपविणे हेच कर्तव्य ठरले की, मागे राहिलेल्या मुलाकडे वळून पाहण्यास सवड उरत नाही. २०१२-१३ मध्ये हरियाणात रोजचा एक तास यासाठी राखून ठेवला, इयत्तेऐवजी वाचनाच्या पायरीप्रमाणे मुलांचे गट पाडले आणि त्या कामावर देखरेख ठेवली. तेव्हा सरकारी शाळांतही भाषेत प्रगती दिसली.

बंधुभगिनींनो, यात दोष मुलाचा नाही, तुमचाही नाही. दोष व्यवस्थेचा आहे. तो तास मागून घेण्याचे काम आमचे, आणि ते आम्ही करू. तुमच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे: उद्या सकाळी प्रत्येक मुलाला जवळ बोलवा आणि वाचून घ्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कोणत्या पायरीवर ते अडखळते ते पाहा, आणि तेथूनच त्याचे बोट धरा. पुस्तक थांबेल, मुलाचे वय थांबणार नाही.