मधे जाहिरात न घालणारं ॲप

मंडळी, मोबाइलवर भजन लावावं, तर मधेच साबणाची जाहिरात ओरडते! जाहिरात नको असेल तर पैसे भरा म्हणतात. गाणी आपल्याच कार्डात, मग पैसे कशाचे?

आम्ही व्हीएलसी नावाचं ॲप वापरतो. १९९६ साली फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या मुलांनी हे काम सुरू केलं. २००१ साली त्याची सगळी घडण सर्वांना खुली झाली.

घडण खुली म्हणजे काय? सुगरणीनं लाडू द्यावा आणि कृतीही सांगावी, तसं. जाणत्यानं ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. आत कुणी लपवून काही घातलं, तर जाणत्यांना ते शोधता येतं.

व्हीएलसीत जाहिरात नाही, पैसे पडत नाहीत. कार्डातली गाणी ऐकायला नेटही लागत नाही. मात्र नवी गाणी आपोआप येत नाहीत, ती आपणच भरायची.

घेताना चित्र बघा: नारिंगी-पांढरा शंकू, रस्त्याचं काम चाललं की ठेवतात तसा. चित्राची नक्कल कुणीही करील. म्हणून अँड्रॉइड फोनवर बनवणाऱ्याचं नाव 'व्हिडिओलॅब्स' आहे ना, हे इंग्रजी येणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.