फुलवालीचा आवाज

काही चित्रपट असे असतात की, ते पुन्हा पाहावयास बसताना रसिकाच्या मनात आनंदाबरोबर थोडी धाकधूकही असते. पूर्वी जे मनापासून आवडले, ते आजही तसेच आवडेल काय, ही एक शंका. आणि आवडलेच, तर ते आवडावे काय, ही दुसरी. 'माय फेअर लेडी' हा १९६४ सालचा इंग्रजी संगीत-चित्रपट पाहताना पहिली शंका पाच मिनिटांत नाहीशी होते. दुसरी मात्र पडदा मिटल्यावरही पाठ सोडीत नाही.

गोष्ट बहुतेकांच्या परिचयाची आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारापाशी फुले विकणारी एलायझा डूलिटल, तिच्या अशिष्ट मानल्या गेलेल्या उच्चारांची टिपणे घेणारा ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री हिगिन्स, आणि सहा महिन्यांत हिला सरदारघराण्यातली स्त्री म्हणून खपवून दाखवीन, ही त्याची बढाई. ह्या कथेचे मूळ बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' ह्या नाटकात आहे. ते प्रथम १९१३ साली व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत रंगभूमीवर आले आणि पुढल्या वर्षी लंडनमध्ये झाले. आपल्या नाटकास संगीताचा साज चढविण्यास शॉ यांनी हयातभर नकार दिला. १९५० साली त्यांचे निधन झाले आणि १९५६ साली लर्नर व लोव या जोडीने न्यूयॉर्कमध्ये ते संगीतिकेच्या रूपात आणले. तिचे २,७१७ प्रयोग झाले. त्याच संगीतिकेवरून जॉर्ज क्यूकर यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला.

त्याच्या मोहिनीबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मध्यरात्र उलटून गेली आहे, गुरू, शिष्या आणि कर्नल पिकरिंग तिघेही थकले आहेत, आणि अचानक त्या मुलीच्या तोंडून हवा तो स्वर स्वच्छ उमटतो. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नाही. ती पुन्हा म्हणून पाहते, आणि तिघेही भान विसरून नाचू लागतात. विद्या साध्य झाल्याचा असा निर्भेळ आनंद पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळतो. पुढे अ‍ॅस्कटच्या घोडशर्यतीचा प्रसंग येतो. सेसिल बीटन यांनी काळ्या-पांढऱ्या रंगांत सजविलेला तो उच्चभ्रू मेळा, आणि त्यात अत्यंत शुद्ध उच्चारांत आपल्या मावशीच्या संशयास्पद मृत्यूची हकिगत सांगणारी एलायझा! उच्चार राजवाड्याचे, पण गोष्ट गल्लीतली. प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि ते योग्यच आहे.

परंतु ह्याच चित्रपटाची एक हकिगत अशी आहे की, ती कळल्यावर हे हसू थोडे अडखळते. रंगभूमीवर एलायझाची भूमिका गाजविणाऱ्या ज्यूली अँड्रूज यांना पडद्यासाठी घेतले गेले नाही. निर्मात्यांना चित्रपटातील प्रस्थापित तारका हवी होती, म्हणून ऑड्री हेपबर्न यांची निवड झाली. हेपबर्न यांनी गाण्याचे शिक्षण घेतले आणि गीते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रितही केली. तथापि अखेरीस त्यांतील बहुतेक गायन बाजूस सारून तेथे मार्नी निक्सन ह्या गायिकेचा आवाज वापरण्यात आला. 'द किंग अँड आय' आणि 'वेस्ट साइड स्टोरी' ह्या चित्रपटांतही नायिकांसाठी निक्सन गायल्या होत्या. त्यांचे नाव पडद्यावर कोठेही झळकले नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. हिगिन्सची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन आपली गीते अर्धी बोलत, अर्धी गात, आणि प्रत्येक वेळी थोडी निराळी. आधी मुद्रित केलेल्या गाण्याबरोबर ओठ हलविणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांच्या गळपट्टीत लहानसा बिनतारी मायक्रोफोन दडवून त्यांचा आवाज चित्रीकरणाच्या वेळीच टिपण्यात आला. चित्रपटास मिळालेल्या आठ ऑस्कर पारितोषिकांत हॅरिसन यांचेही होते आणि ध्वनिलेखनाचेही होते. हेपबर्न यांचे नाव नामनिर्देशनातही आले नाही. उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक त्या वर्षी ज्यूली अँड्रूज यांना 'मेरी पॉपिन्स' ह्या निराळ्याच चित्रपटासाठी मिळाले.

म्हणजे एका मुलीचा आवाज काढून घेऊन तिला दुसरा देणाऱ्या प्राध्यापकाच्या ह्या कथेत, त्या प्राध्यापकाचा आवाज जसाच्या तसा राखण्यासाठी यंत्रांना नवी युक्ती शिकविण्यात आली, आणि त्या मुलीचा आवाज मात्र पडद्याआडही काढून घेण्यात आला. येथे कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येत नाही. निक्सन यांचे गायन खरोखरच निर्दोष आहे. गाणी अधिक सुरेल व्हावीत, एवढाच हेतू होता. हिगिन्सचाही हेतू नेमका तेवढाच होता!

भारतीय प्रेक्षकास ह्यात वावगे काय, असे प्रथम वाटेल. पडद्यावर एकीने ओठ हलवावेत आणि दुसरीने गावे, हा आपल्या चित्रपटांचा १९३५ सालापासूनचा रिवाज आहे. पण आपल्याकडेही गाणाऱ्या कंठाला नाव मिळण्यास काळ जावा लागला. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या विख्यात गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव नसून कामिनी ह्या पात्राचे नाव होते. पुढे गायकांना नाव मिळाले, मान मिळाला, पारितोषिकेही मिळाली. आवाज उसना घेण्यात अप्रामाणिकपणा नसतो. ज्याचा घेतला त्याचे नाव न सांगण्यात आणि जिचा नाकारला तिला न विचारण्यात तो असतो.

मराठी माणसास तर ह्या कथेची नस फार जवळून ठाऊक आहे. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाकडून 'पाणी' असे दहा वेळा म्हणवून घेणारी शाळा, आणि वर्गात पिकणारा हशा. वऱ्हाडातून वा कोकणातून शहरात आल्यावर चार दिवस मुकाट राहून इतरांचे बोलणे टिपणारी सासुरवाशीण. इंदूर-बडोद्याच्या पाहुण्याचे मराठी ऐकताना यजमानाच्या ओठांवर उमटणारे बारीकसे स्मित. प्रमाण भाषा शिकल्याने नोकरी मिळते, सभेत उभे राहता येते, अर्ज लिहिता येतो. हा लाभ खोटा नाही. एलायझादेखील स्वतःच्या पायांनी, शिकवणीचे पैसे मोजण्याच्या तयारीने हिगिन्सच्या दारी आली होती. तिला फुलांच्या दुकानात काम हवे होते. परंतु नवी बोली जिभेवर बसली की, जुन्या बोलीतील आई परकी होते काय, हा प्रश्न पैजेच्या कागदावर कोणीच लिहून ठेवीत नाही.

म्हणूनच पु. ल. देशपांडे यांनी ह्या नाटकावरून रचलेली 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आली, तेव्हा ती मराठी प्रेक्षकास उसनी वाटली नाही. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली, त्यांना तिचा तो संतापाने फुललेला स्वगत-प्रवेश विसरता आला नाही. रंगभूमीवर फुले विकणारीचा आवाज आणि सुसंस्कृत झालेलीचा आवाज एकाच कंठातून निघावे लागतात. तेथे मधल्या मध्ये आवाज बदलून देण्याची सोय नसते.

ह्याच प्रवेशाचे भावंड असलेल्या चित्रपटातील गीताकडे कान देऊन ऐकावे. मास्तरावर चिडलेली एलायझा एकटी असताना त्याला शिव्याशाप देते. त्या गीताच्या आरंभीचा रासवट, ठसक्याचा भाग खुद्द हेपबर्न यांच्या आवाजात राहून गेला आहे. स्वर वर चढतो तेथे निक्सन येतात. मुलगी खरोखर रागावते तेवढ्यापुरता तिचा आवाज तिचा राहिला, हा योगायोगच. पण तो ध्यानी आल्यावर तेच गीत सर्वांत प्रिय वाटू लागते.

राहता राहिला शेवट. एलायझा व हिगिन्स यांचे मीलन शॉ यांना मुळीच मंजूर नव्हते. लंडनच्या प्रयोगांत हिगिन्स झालेल्या नटाने पडदा पडता पडता एलायझाकडे फुले फेकण्याचा प्रघात पाडला, तेव्हा ते संतापले, आणि १९१६ साली नाटकास लांबलचक उपसंहार जोडून त्यांनी तिचा विवाह फ्रेडीशी लावून दिला. चित्रपटात मात्र ती परत येते. हिगिन्स एकटाच खोलीत बसून तिच्या पहिल्या दिवसांतल्या बोलण्याची ध्वनिमुद्रिका ऐकत आहे. ती मागून येते, यंत्र बंद करते, आणि यंत्रात गोठलेले ते वाक्य आपल्या जुन्या, अशुद्ध बोलीत स्वतः पुरे करते. तो टोपी डोळ्यांवर ओढून आपल्या सपाता कोठे आहेत, असे विचारतो.

त्या सपातांमुळे अनेकांचे मन खट्टू होते, आणि ते रास्तच आहे. इतके शिकूनसवरून ती पुन्हा सपाता शोधावयास आली काय? चित्रपट उत्तर देत नाही. पण सपातांच्या आधीचा तो क्षण विसरू नये. ज्याने तिचा आवाज पुसला, तोच आता त्या आवाजासाठी झुरतो आहे, आणि ती यंत्राला गप्प करून स्वतः बोलते आहे. दोन्ही बोली आता तिच्या आहेत, आणि कोणती केव्हा बोलावी हे तीच ठरविते.

तेव्हा पुढल्या वेळी हा चित्रपट लागला की रसिकाने तो जरूर पाहावा, त्या मध्यरात्रीच्या नाचात मनाने सामीलही व्हावे. फक्त दुसऱ्या दिवशी घरी वा कचेरीत कोणाच्या तोंडून 'आनि', 'पानी' ऐकू आले, तर हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. बोलणाऱ्याचे वाक्य प्रथम पुरे होऊ द्यावे.