हरवलेल्या फाइलीचा शोध

अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंदें हें शेख महंमदांचें गांव. त्यांच्या ‘योगसंग्रामा’वरील टिपणें एखाद्या अभ्यासकानें वर्षानुवर्षें संगणकांत उतरून ठेवावीं, आणि ऐन गरजेच्या वेळीं तीं कोठें ठेविलीं हेंच त्यास आठवूं नये, असा प्रसंग, श्रोतेहो, मुळींच दुर्मिळ नाहीं. अशा वेळीं एकेक फोल्डर उघडीत बसण्यापेक्षां, आज्ञा टंकून संगणकासच कामास लावणें श्रेयस्कर.

युनिक्स प्रणालींत व तिच्या लिनक्सादि वंशजांत यासाठीं तीन सेवक आहेत. ‘फाइंड’ हा प्रत्येक खणांत हिंडून नांव, आकार वा बदलाची तारीख यांवरून फाइल शोधतो. ‘लोकेट’ आधीं केलेली सूची चाळतो. म्हणून तो चपळ, परंतु सूचीनंतर जन्मलेली फाइल त्यास ठाऊक नसते. केन टॉम्प्सन यांनीं १९७३ सालीं पुढें आणलेला ‘ग्रेप’ फाइलींच्या आंतील शब्दच हुडकतो.

मराठी माणसानें मात्र एक गोम ध्यानीं ठेवावी. १९९१ सालीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें. तथापि पुढेंही कित्येक वर्षें जुन्या फाँटांचा वापर चालूंच राहिला. त्यांत पडद्यावर ‘शेख’ दिसलें, तरी आंत रोमन अक्षरांचे संकेत सांठविलेले असतात. साहजिकच ‘ग्रेप’ला तो शब्द सांपडत नाहीं, आणि लिखाण नष्ट झालें असें समजून मनुष्य हताश होतो. तेव्हां ‘फाइंड’करवीं तारखेवरून फाइल गांठावी, तिची युनिकोडमध्यें प्रत करावी, मूळ फाइल पुसूं नये. रूपांतरांत एखादें अक्षर चुकल्यास ताडून पाहण्यास तीच उपयोगी पडते.